‘गेट’ची कार्डं: ग्वादालाहारातल्या शनिवार वर्गाच्या नोंदी

८ जून, शनिवार

सुरुवात केली एकदाची. फोल्डरला नाव दिलंय "गेट", म्हणजे इंग्रजीतलं get हे क्रियापद, बाकी काही ठरलेलं नाही.

झालं काय, इथे मेक्सिकोत ग्वादालाहाराला मी शनिवारी इंग्रजी शिकवते, त्या वर्गात आज अर्ध्या पानाचा उतारा दिला होता, एका माणसाची सकाळ, उठतो, आवरतो, बस पकडतो, ऑफिसला पोचतो, बॉस चिडतो वगैरे. सोपा म्हणून निवडला होता. त्यात "गेट" अकरा वेळा निघाला. उठला ते गेट, कपडे चढवले ते गेट, बस गेट, पोचला गेट, कॉफी आणली गेट, बॉस चिडला तोही गेट, आणि शेवटी बॉसचा जोक ह्याला कळला नाही तर ते सुद्धा गेटच. शेजारच्या त्लाकेपाकेला मातीची भांडी विकणाऱ्या सेन्योरांनी, म्हणजे बाईंनी, वही मिटली आणि मला म्हणाल्या, तीचेर, ह्या लोकांकडे काय एकच क्रियापद आहे का? इथे इंग्रजी शिकवणारा कोणीही असो, तो "तीचेर", मला आता कोणी नावाने हाक मारली तर मीच वळून बघत नाही.

वर्गात सात जण आहेत. भांडीवाल्या सेन्योरा आणि त्यांचा नवरा, एक मेकॅनिक, एक नर्स, हॉटेलच्या रिसेप्शनवरची मुलगी, एक टॅक्सीवाला आणि एक रिटायर्ड शाळामास्तरीण, ज्यांना सगळे माएस्त्रा म्हणतात आणि ज्यांना स्पॅनिश व्याकरण माझ्या दसपट येतं. सगळ्यांनी फोन काढून शब्द बघितला आणि सगळ्यांच्या फोनमध्ये पहिला अर्थ एकच, ओब्तेनेर. म्हणजे प्राप्त करणे. तो घालून उतारा वाचला तर माणूस सकाळी वर प्राप्त होतो, बस प्राप्त करतो, ऑफिस प्राप्त करतो आणि बॉसला राग प्राप्त होतो. हसून हसून पुरेवाट, पण वर्ग तिथेच संपला.

तर ठरवलंय की ह्या एका शब्दाची कार्डं करायची. एका बाजूला हे लोक रोज बोलतात ते स्पॅनिश वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. नोंदी मराठीत ठेवतेय कारण स्पॅनिशमध्ये लिहायला बसले की मी हुशारी दाखवायला जाते. स्पॅनिश शब्द इथल्या कानाला ऐकू येतात तसे लिहीन, म्हणजे मेक्सिकोचा उच्चार, स्पेनचा नव्हे.

११ जून

तीन संध्याकाळी घालवून एक्सेलमध्ये अर्थांची यादी केली. मिळणे, मिळवणे, विकत घेणे, आणणे, पोचणे, होणे, समजणे, पकडणे, आजार होणे, करवून घेणे... ४३ ओळी झाल्या आणि अजून वर चढणे-खाली उतरणे धरलेलं नाही. मोठ्या शब्दकोशांचं असंच असतं म्हणा, ऑक्सफर्डच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद "सेट" ह्या तीन अक्षरी शब्दाची होती, म्हणजे जितका शब्द छोटा तितका तो जास्त कामं करतो, घरातल्या धाकट्या सुनेसारखा.

यादी छान दिसतेय. रंगीत पण केलीय.

१५ जून, शनिवार

यादी फेल. पार फेल.

प्रत्येकाला प्रिंट दिली आणि म्हटलं ह्यातले पाच अर्थ घेऊन स्वतःबद्दल पाच वाक्यं लिहा. नर्सनी लिहिलं, "माझ्या मुलीला डॉक्टर व्हायचंय", आणि "होणे" च्या ओळीत गेट दिसला म्हणून इंग्रजीत घातलं "शी वॉन्ट्स टू गेट अ डॉक्टर". त्याचा अर्थ होतो की पोरीला डॉक्टर बोलवायचाय, कोणीतरी आजारी आहे! नर्सच असल्यामुळे वाक्य इतकं खरं वाटत होतं की पहिल्यांदा मला चूक दिसलीच नाही. गेटच्या पुढे विशेषण आलं तर "होणे", थकणे, चिडणे, श्रीमंत होणे, आणि नाम आलं की ते आणणे-मिळवणे. हे माझ्या ४३ ओळींत कुठेच नव्हतं.

मेकॅनिकचं वाक्य वेगळ्याच कारणाने लक्षात राहिलं. "आय ऑब्टेन्ड अ कॉफी." व्याकरण शंभर टक्के बरोबर. पण ऐकायला कसं वाटतं हे त्याला सांगता येईना मला, कारण त्याच्यासाठी ओब्तेनेर आणि ऑब्टेन सख्खे भाऊ, दोन्ही लॅटिनमधून आलेले, इंग्रजीत तो फ्रेंचच्या हाताला धरून आला इतकंच. आणि गेट हा उत्तरेकडून जहाजातून आलेल्या नॉर्स लोकांचा शब्द, गेता, त्याचं स्पॅनिशमध्ये कोणी नात्यागोत्याचं नाही. म्हणून ह्या लोकांचं उलटं होतं, जे शब्द इंग्रज पोराला कॉलेजात जाऊन कळतात ते ह्यांना पहिल्या दिवशी येतात, आणि जे तीन वर्षांचं पोर बोलतं तिथे ह्यांची गाडी अडते.

शेवटी मी मराठीत सांगितलं. म्हटलं आमच्याकडे मिळाला आणि प्राप्त झाला असे दोन शब्द आहेत. आता समजा मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, "मला चहा प्राप्त झाला." त्यांना अर्थातच काही हसू आलं नाही, मीच एकटी हसत होते. पण मग माएस्त्रांनी त्याच सुरात स्पॅनिशमध्ये एक वाक्य तयार केलं, सरकारी नोटिशीच्या भाषेत कॉफी मागितली, आणि मेकॅनिक खो खो हसला. तेव्हा कळलं त्याला.

१६ जून

उच्चाराची बाजू काल लिहायची राहिली. स्पॅनिशमध्ये ग च्या पुढे ए आला की तो ह होतो, घशातून ओढलेला. हेन्ते म्हणजे लोक, हेनेराल म्हणजे जनरल, आणि जनरल लिहिताना अक्षर तेच, ग वालं. त्यामुळे नवा माणूस गेट वाचतो तो "हेत". टॅक्सीवाला अजून म्हणतो. फळ्यावर मध्ये एक यू घालून लिहिलं की लगेच ग येतो, त्यांच्या लिपीची सवयच तशी आहे, युद्धाला गेर्रा म्हणतात त्यात पण तो मुका यू बसलेला असतो.

शेवटचा ट हे दुसरं दुखणं, स्पॅनिशचे स्वतःचे शब्द सहसा ट वर संपत नाहीत, म्हणून तो गिळला जातो. पण इथे एक लॉटरी लागली! अमेरिकन माणूस दोन स्वरांच्या मध्ये ट म्हणतच नाही, जीभ नुसती टाळूला टिचकी मारते, "गेट अप" चं "गेरप" होतं, "गेट इट" चं "गेरिट". आणि ती टिचकी म्हणजे स्पॅनिशचा साधा र, पेरो मधला. म्हणजे जो आवाज आपल्या इंजिनिअर पोरांना कॉल सेंटरच्या ट्रेनिंगमध्ये आठवडाभर घोटवतात तो ह्यांच्या तोंडात जन्मापासून आहे. टॅक्सीवाल्याला म्हटलं ट विसरा, पेरो चा र लावा. "गेरप", म्हणाला, एकदम टेक्सासचा वाटला.

२० जून

यादी डिलीट केली. बॅकअप ठेवलाय, एवढी पण शूर नाही मी.

मुद्दा असा आहे की इंग्रजीचे अर्थ मोजून उपयोग नाही, कारण ह्या लोकांच्या डोक्यात वाक्य स्पॅनिशमध्ये तयार होतं. तर स्पॅनिशच्या दाराशी उभं राहायचं आणि बघायचं की कुठल्या दारातून कोण बाहेर येतं. माएस्त्रांच्या घरी बसलो दोघी, त्यांनी तेहुइनो दिलं, मक्याचं आंबवलेलं पेय, लिंबू मीठ आणि वर लिंबाच्या बर्फाचा गोळा, आंबीलीची लांबची बहीण म्हणावी असं काहीतरी. आणि त्यांनी कागदावर एकच गोष्ट लिहिली, "से".

थकणे कान्सार्से. कंटाळणे आबुर्रिर्से. भिजणे मोहार्से. हरवणे पेर्देर्से. लग्न होणे कासार्से. आजारी पडणे एन्फेर्मार्से. चिडणे एनोहार्से, स्पेनमध्ये एन्फादार्से. शेपटीला से लागला की समजायचं की माणसाची अवस्था बदलतेय, आणि इंग्रजीकडे अशी शेपूट नाही म्हणून ते गेट लावतात. गेट टायर्ड, गेट बोअर्ड, गेट वेट, गेट लॉस्ट, गेट मॅरिड. बास! अर्ध्या वर्गाचा प्रश्न सुटला असं वाटलं मला, आणि त्यांनी शांतपणे विचारलं, मग पोनेर्से, बोल्बेर्से, आसेर्से आणि केदार्से चं काय करणार?

हे चौघं वेगळेच आहेत. सगळ्यांचा अर्थ "होणे". पोनेर्से म्हणजे तेवढ्यापुरतं होणे, घाबराघुबरा, लालबुंद. बोल्बेर्से म्हणजे माणूस पालटणे, वेडा होणे. आसेर्से मध्ये आपल्या हाताने किंवा हळूहळू, श्रीमंत होणे, म्हातारं होणे. केदार्से म्हणजे काहीतरी घडून गेल्यावर मागे उरलेली अवस्था, बहिरा झाला, विधवा झाली. आता इंग्रजीत बघा, घाबरण्याला गेट, श्रीमंत व्हायला गेट, म्हातारं व्हायला गेट, पण वेडं, आंधळं, बहिरं, टकलं व्हायचं तर "गो". आणि डॉक्टर व्हायचं तर "बिकम". म्हणजे चार दारं आणि तीन रस्ते आणि जोड्या काही जुळत नाहीत.

नर्स आणि मेकॅनिक दोघं पोनेर्से चा शब्दशः अर्थ "ठेवणे" म्हणून "आय पुट नर्व्हस" म्हणतात. ते आधी थांबवायचं.

ह्यात आणखी एक जुना खड्डा आहे, ओशाळणे. इंग्रजीतला "एम्बॅरस्ड" ऐकला की ह्यांना एम्बारासादा आठवते आणि एम्बारासादा म्हणजे पोटुशी. उलट इथे ओशाळवाणं वाटलं की म्हणतात मे दा पेना, आणि तेच स्पेनमध्ये म्हटलं तर लोकांना वाटतं तुम्हाला कोणाची कीव आली. कार्ड नंबर ९, लाल रंगात.

२९ जून, शनिवार

केसांचं कार्ड. हे माझं आवडतं.

रिसेप्शनवाली मुलगी केस कापून आली होती, एकदम छान दिसत होती, विचारलं तर म्हणाली "आय कट माय हेअर". म्हटलं स्वतः? एवढं सरळ? ती गोंधळली. स्पॅनिशमध्ये मे कोर्ते एल पेलो म्हणजे मी माझे केस कापले, आणि कात्री कोणाच्या हातात होती हे कोणी विचारत नाही. इंग्रजीत मात्र "गॉट माय हेअर कट" म्हणावं लागतं, नाहीतर लोकांना वाटतं बाथरूममध्ये उभी राहून कापले.

आणि मी बसल्या बसल्या विचार करते, आपण काय म्हणतो? "केस कापले का गं?" आपण पण तेच! "कापून घेतले" आहे आपल्याकडे, घेणे लावून अगदी इंग्रजीसारखं करता येतं, पण रोजच्या बोलण्यात कोण लावतंय. माझा भाऊ कोल्हापुरात म्हणतो "मी घर बांधलं" आणि त्याने आयुष्यात एक वीट उचललेली नाही.

मेकॅनिकला हे कार्ड सगळ्यात जास्त लागणार कारण त्याच्याकडे गाड्या घेऊन येणारे अमेरिकन हेच बोलतात, ब्रेक तपासून घ्यायचेत, ऑइल बदलून घ्यायचंय, सगळं गेट.

४ जुलै

आज जेवताना जे झालं त्यामुळे प्रोजेक्टचा अर्धा भाग बदलावा लागणार आहे.

भांडीवाल्या सेन्योरांच्या दुकानाजवळ तोर्ता आओगादा खायला गेलो. इथला बिरोते नावाचा आंबटसर कडक पाव, आत डुकराचं मटण, आणि सगळा पाव सॉसमध्ये बुडवलेला, नावाचाच अर्थ बुडालेली. अर्धी बुडवा म्हटलं तर तिखट कमी, पूर्ण बुडवा म्हटलं तर आर्बोल मिरचीचा सॉस भरपूर. मी कोल्हापूरची, तांबडा रस्सा पिऊन वाढलेली, म्हटलं पूर्ण. तिसऱ्या घासाला डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, कान गरम. दुकानाचा मालक पण हसतोय. सेन्योरा म्हणाल्या, से एन्चिलो ला तीचेर. तीचेरबाईंना मिरची लागली.

एन्चिलार्से! मिरचीचं क्रियापद. मी त्यांना म्हटलं आमच्याकडे पण आहे, तिखट लागलं. मग त्यांच्या नवऱ्याने विचारलं, इंग्रजीत काय, गेट काय? आणि मी तोंड उघडं ठेवून बसले, एक तर ते तसंही भाजत होतं. काही नाही. इंग्रजीत तिखट लागतच नाही. तोंड जळतंय म्हणता येतं, पदार्थ तिखट आहे म्हणता येतं, पण मला लागलं हे एका शब्दात नाही.

घरी येईपर्यंत लाइट रेल्वेत बसून फोनवर उतरवत गेले. आसोलेआर्से, उन्हात फिरून त्रास होणे, म्हणजे ऊन लागणे. देस्बेलार्से, जागरण होणे. आग्विटार्से, मन खट्टू होणे. मग दुसरा प्रकार, "दार" (dar) हे द्यायचं स्पॅनिश क्रियापद वापरून. मे दियो आंब्रे, शब्दशः "मला भूक दिली", मला भूक लागली. मे दियो सेद, तहान लागली. मे दियो फ्रियो, थंडी वाजायला लागली. मे दियो ग्रीपा, सर्दी-ताप आला. म्हणजे ह्यांच्याकडे भूक कोणीतरी देतं आणि आपल्याकडे ती येऊन लागते, पण दोन्हीकडे माणूस बिचारा "मला" च्या जागी बसलेला आहे, त्याने काही केलेलं नाही. इंग्रजीत तोच माणूस उठून पुढे येतो आणि म्हणतो मी, आय गॉट हंग्री, आय गॉट कोल्ड, जसं काही दुकानातून आणलंय.

हा धागा मला आधी दिसायला हवा होता. सगळ्या कार्डांवर "मे" ने सुरू होणारी स्पॅनिश वाक्यं वेगळ्या रंगात करायची आणि शिकवायचं की "मे" दिसला की इंग्रजीत "आय" ला पुढे ढकला आणि मागे गेट लावून बघा. प्रत्येक वेळी नाही जमणार, पण जमेल तिथे जमेल.

रात्री मोल्सवर्थचा जुना शब्दकोश ऑनलाइन उघडला, १८५७ ची आवृत्ती, "लागणें" बघायला. नोंद खाली खाली जातच राहते. पोर्तुगीज, इंग्रज, जो कोणी मराठी शिकायला आला असेल त्याने ह्या शब्दापाशी वही मिटली असेल सेन्योरांसारखी.

६ जुलै, शनिवार

"मे" चा नियम चालला. भूक, थंडी, सर्दी, झोप पटापट झालं. नर्सनी हॉस्पिटलमधलं वाक्य दिलं, अलिबियार्से, बरं वाटणे, गेट बेटर. मग हळूच सांगितलं की इथे जुन्या बायका बाळंत झाली हे सांगायला पण हाच शब्द वापरतात, सुटली. मी म्हटलं आमच्याकडे पण बाळंतिणीची "सुटका झाली" म्हणतात. पुढची दहा मिनिटं इंग्रजी बंद, सगळ्यांनी आपापल्या आज्यांचे शब्द सांगितले.

१३ जुलै, शनिवार

आज वर्गात तिघंच, पावसाने रस्त्यांचे ओढे झाले होते. टॅक्सीवाला भिजून आला, "आय गॉट वेट", दारातूनच ओरडला, कार्ड न बघता.

त्याचा फोन गेल्या आठवड्यात चोरीला गेला. त्याने सांगितलं "दे रॉब्ड मी द सेलफोन", कारण स्पॅनिश असं की मे रोबारोन एल सेलुलार, "त्यांनी माझा फोन चोरला", ते कोण हे माहीत नसतानाही क्रियापद "त्यांनी" चं. इंग्रजीत "माय फोन गॉट स्टोलन". मराठीत बघा किती मजा, चोरीला गेला. फोन स्वतःच गेला उठून. जाणे लावून आपण जे करतो ते इंग्रजी गेट लावून करतं. मारला गेला, पकडला गेला, सगळे गॉट.

२० जुलै, शनिवार

मेकॅनिकने स्वतःहून प्रश्न आणला. पगार झाला हे कसं म्हणायचं? "आय गॉट पेड." स्पॅनिशमध्ये पागार म्हणजे पैसे देणे. मी म्हटलं आमच्या भाषेत महिन्याच्या पैशालाच पगार म्हणतात, पोर्तुगीजांनी दिलेला शब्द. त्याला खरं वाटेना. मग मी साबण सांगितला, हाबोन. बादली, बाल्दे. पाव, पान. गोव्यावरून आलेल्या ह्या पोर्तुगीज शब्दांची स्पॅनिश चुलत भावंडं इथे रोज भेटतात. वर्गातल्या चार जणांनी "मला पगार मिळाला" पाठ केलंय, हा माझ्या प्रोजेक्टचा भाग नाही पण लिहून ठेवते.

२७ जुलै, शनिवार

बस पकडण्याच्या कार्डावर भांडण.

रिसेप्शनवाल्या मुलीने एका स्पॅनिश पुस्तकातून कोहेर एल आउतोबुस आणलं, बस पकडणे. स्पेनमध्ये ते साधं सोज्वळ वाक्य आहे. इथे मेक्सिकोत कोहेर चा अर्थ भलताच, सांगण्यासारखा नाही, आणि भांडीवाल्या सेन्योरांचा नवरा इतका हसला की खोकला लागला. इथे तोमार किंवा आगार्रार म्हणायचं, आणि बस ही आउतोबुस नाही तर कामियोन, जो स्पेनमध्ये ट्रक. तर माझी कार्डं मेक्सिकोची. स्पेनमधल्या कोणाला हवी असतील तर त्यांनी आपली छापावी.

"समजलं" च्या कार्डाला पण इथलंच क्रियापद घातलं, काचार. सी काचास? कळतंय ना? "यू गेट इट?"

चढणे-उतरणे जास्त चिकट निघालं. स्पॅनिशमध्ये बस असो की कार, सुबीर आणि बाहार, दोनच. इंग्रजीत बसवर गेट ऑन, कारमध्ये गेट इन, बसमधून गेट ऑफ, कारमधून गेट आउट. मी सांगितलं की ज्यात उभं राहून चालता येतं ते ऑन आणि ऑफ, बस, ट्रेन, विमान, जहाज. हे चालतं, सायकल आणि घोडा सोडून, ते आपले वरच बसतात म्हणून ऑन. मग टॅक्सीवाल्याने वाक्य केलं, "द पॅसेंजर गॉट डाउन ऑफ माय टॅक्सी". मी खूण केली चूक म्हणून आणि मनात म्हटलं, अगं बाई, हे तर आपलं. गेट डाउन फ्रॉम द बस, आख्खा भारत बोलतो! बाहार मध्ये खाली येणं आहे, आपल्या उतरणे मध्ये पण आहे, दोघं एकाच पायरीवरून घसरलो.

१० ऑगस्ट, शनिवार

दोन आठवडे लिहिलं नाही, पाहुणे होते.

गेट चे जोडशब्द कापले. मूळ यादीत ३० होते, १२ ठेवले. पटतं त्यांचं, येबार्से बियेन, "गेट अलाँग" राहिलं. सुटका करून घेणे, देसासेर्से दे, "गेट रिड ऑफ" राहिलं, त्याच्याऐवजी हे लोक एलिमिनेट म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं कोणाची सुपारी दिलीय. सवय होणे राहिलं. ओळख होणे राहिलं.

"आय गॉट टू मीट" वाल्या वाक्यावर माएस्त्रा अडून बसल्या होत्या की स्पॅनिशमध्ये असं काही नाही, मग त्यांनाच आठवलं, मे तोको, माझ्या वाट्याला आलं. मे तोको कोनोसेर, मला भेटायची संधी आली. मी म्हटलं, मला भेटायला मिळालं, मिळणे! मराठी आणि इंग्रजी इथे शब्दाला शब्द बसतात, बघायला मिळालं, खायला मिळालं, ऐकायला मिळालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या भाषेने मला स्पॅनिशला न विचारता उत्तर दिलं आणि मी जरा चढले.

गॉट की गॉटन हा प्रश्न पण मिटवला. अमेरिकन लोक गॉटन ठेवतात, ब्रिटिशांनी तो सोडून दिला. ह्यांचे पाहुणे, गिऱ्हाईक, नातेवाईक सगळे सीमेपलीकडचे, तेव्हा गॉटन. एक कार्ड.

२४ ऑगस्ट, शनिवार

५६ कार्डं. जवळच्या पापेलेरियात, म्हणजे स्टेशनरी-झेरॉक्सच्या दुकानात, जाड कागदावर सात सेट छापले आणि कापून घेतले. मी नाही कापले. चार रंग: से वाली निळी, मे वाली हिरवी, मिळणे-आणणे पिवळी, उरलेली पांढरी. एन्चिलार्से चं कार्ड हिरव्यात आहे, मागची बाजू कोरी. कोणी सांगितलंच काही तर लिहू.

वर्गात वाटली. सेन्योरांनी आपला सेट रबर लावून पर्समध्ये टाकला. त्यांचा नवरा म्हणाला, आता दुकानात अमेरिकन गिऱ्हाईक आलं की पत्त्यांसारखं एक एक काढत बसणार.

३१ ऑगस्ट, शनिवार

घोटाळा झालाय.

चापाला तळ्याकाठी आहिहिक नावाचं गाव आहे, तिथे अमेरिकेतून येऊन राहिलेले रिटायर्ड लोक खूप आहेत. त्यातल्या एक आजी, ओहायोच्या, आज पाहुण्या म्हणून वर्गात आणल्या, म्हटलं खऱ्या माणसाशी बोला. तासभर छान गेला. मेकॅनिकने ब्रेक तपासून घेतले, रिसेप्शनवालीने केस कापून घेतले, टॅक्सीवाल्याचा फोन चोरीला गेला, आजी कौतुकाने मान हलवतायत. मग नर्स उशिरा आली, धापा टाकत, आणि हिरवं कार्ड नंबर ३१ अगदी बरोबर म्हणाली, "सॉरी तीचेर, आय गॉट लेट."

आजी म्हणाल्या, यू मीन यू आर लेट? नर्सनी कार्ड काढून दाखवलं. पुढे से मे इसो तार्दे, मागे "आय गॉट लेट". माझ्या हातचं.

से मे इसो तार्दे म्हणजे मला उशीर झाला. शब्दाला शब्द. "मे" होता, हिरवा रंग होता, मराठीत "मला" होतं, "झाला" होतं, गेट बसवला आणि पुढे गेले, एकदा सुद्धा थांबले नाही, कारण आयुष्यभर आम्ही सगळ्या मैत्रिणी "सॉरी यार गॉट लेट" म्हणत आलोय. आजी म्हणाल्या "इट गॉट लेट" चालतं, रात्र झाली ह्या अर्थाने, पण माणूस लेट गेट होत नाही, तो नुसता असतो. गेट डाउन च्या वेळी टॅक्सीवाल्याला हसले होते मी मनात.

माएस्त्रा काही बोलल्या नाहीत, पण पर्समधून काळा मार्कर काढून माझ्यासमोर ठेवला. सातही सेटमधून ३१ नंबर शोधून काढला, गॉट खोडून वर "अॅम" लिहिलं. सातव्या कार्डाला मार्कर सुकत आला होता, ते जरा पुसट आलंय, ते माझ्याकडे ठेवलं.